चाळ पडणार, खालच्या गाळ्याचं काय करायचं?

पुनर्विकासाचं पत्र आलं की वरच्या मजल्यांवर पेढे वाटले जातात. साहजिकच आहे. दीडशे-पावणेदोनशे फुटांची खोली आणि गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, त्या बदल्यात निदान ३०० चौरस फुटांचं स्वतःच्या मालकीचं घर. मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) या तरतुदीखाली उपकरप्राप्त, म्हणजे म्हाडाला दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीतल्या रहिवाशाला तेवढं तरी द्यावंच लागतं. तळमजल्यावरचा दुकानदारही पेढा खातो, पण त्याचा हिशेब निराळा असतो. त्याला वाढीव काही नाही. १२० फुटांचा गाळा असेल तर १२० फुटांचाच मिळणार, आणि मधली चार-पाच वर्षं दुकान बंद.

गिरगावात आमच्या काकांचं जनरल स्टोअर होतं. वह्या, रिबिनी, बटणं, दिवाळीत उटणं आणि कंदील, गणपतीत मखराचं सामान. डाव्या हाताला पिठाची गिरणी, उजव्या हाताला फॉल-पिको करणाऱ्या मावशी. तिघांना एकाच दिवशी एकच पत्र आलं आणि तिघांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या. काकांच्या फायली काखेत मारून वकिलाकडे आणि म्हाडाच्या ऑफिसात हेलपाटे मी घातले, म्हणून या तिन्ही वाटा थोड्या जवळून पाहिल्या.

हे सगळं कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या, पगडीवरच्या, म्हणजे सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या गाळ्यांबद्दल आहे. उपनगरातल्या सोसायटीत तुमचा मालकी गाळा असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांना भाडेकायदा हाच आहे, पण तिथे म्हाडाचा उपकर नाही, त्यामुळे प्रक्रिया वेगळी.

वाटा अशा: नवा गाळा घेऊन स्वतः दुकान चालवायचं, हक्क सोडून पैसे घ्यायचे, किंवा नवा गाळा घ्यायचा पण भाड्याने लावायचा. कोणती धरायची हे ठरवण्याआधी एक हिशेब कागदावर मांडा. तो बहुतेक दुकानदारांनी आयुष्यात कधी मांडलेला नसतो, कारण त्याची गरजच पडलेली नसते.

जे भाडं कधी भरलंच नाही

समजा, रोजचा गल्ला १२,००० रुपये. महिन्याचा झाला ३,६०,०००. बिस्किटं, साबण, तेल असा कंपनीचा माल आणि थोडा सुटा माल मिळून सरासरी १२ टक्के सुटतात असं धरू. म्हणजे ४३,२००. त्यातून पोऱ्याचा पगार १५,०००, वीज, पिशव्या, खराब झालेला माल आणि किरकोळ मिळून ४,०००. मालकाचं भाडं ३००. हाती राहिले जेमतेम २४,०००.

आता हेच दुकान नव्या टॉवरखाली मांडा. भाडं गेलं, पण सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर आला. दोन्ही मिळून ७,००० धरले तर हाती १७,००० आले. त्याच गल्लीत तसल्या गाळ्याला ४०,००० भाडं मिळत असेल, तर मेंटेनन्स भरूनही घरबसल्या ३३,००० येतात. सकाळी सातला शटर उघडून रात्री दहाला पाडण्याचे १७,००० आणि न उघडण्याचे ३३,०००. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचे तुम्ही घाला, पण घालाच.

जुन्या गाळ्याला हा प्रश्न पडत नव्हता, कारण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकाला वर्षाला फक्त ४ टक्के भाडेवाढ दिली आहे, आणि मूळ भाडंच इतकं कमी की त्यावरचे ४ टक्के म्हणजे चहाचे पैसे. १९४८ मध्ये नायगावात अपना बाजार सुरू झाला, १९७५ मध्ये ग्राहक पंचायत सभासदांच्या गटांना वाणसामान पोचवू लागली, २००२ मध्ये पवईत पहिलं डीमार्ट उघडलं. गल्लीतला वाणी या सगळ्यांतून तरला तो उधारीच्या वहीमुळे आणि ओळखीमुळे, असं आपण कौतुकाने म्हणतो. खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं श्रेय त्या ३०० रुपयांच्या भाडेपावतीचं. दहा मिनिटांत दूध आणून देणारे ॲपवाले आज त्याच्यासमोर उभे आहेत, आणि ती पावती नेमकी आत्ताच हातातून चालली आहे.

तुमचं गिऱ्हाईक वरून उतरतं की बाहेरून येतं?

हा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते निर्णयाचं खरं वजन यावर आहे. आठवडाभर गल्ल्यावर बसून मोजा. किती जण इमारतीतले, किती समोरच्या चाळीतले, किती लांबून मुद्दाम आलेले.

लालबागच्या मसाला गल्लीत मार्च-एप्रिलमध्ये मिरच्या घ्यायला ठाणे-कल्याणहून बायका येतात. मिरची निवडायची, भाजून घ्यायची, समोर कुटून न्यायची. चिवडा गल्लीचंही तेच, भुलेश्वरच्या पूजासाहित्याचं तेच. तिथल्या दुकानदाराच्या डोक्यावर चाळ आहे की टॉवर याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नाही. धंद्याची अशी गल्ली असेल तर काहीही करून परत तिथेच यावं. पुढचे परिच्छेद वाचायचीही गरज नाही.

पण गिऱ्हाईक वरून उतरत असेल, तर ते परत येईलच असं धरू नका. संक्रमणाच्या काळात कुटुंबं डोंबिवली, विरार, बदलापूरला भाड्याने जातात. मुलांच्या शाळा तिकडे होतात. नवं घर ताब्यात आलं की त्यातली बरीचशी ते विकतात किंवा भाड्याने देतात. काकांच्या उधारीच्या वहीत चाळीतली अठ्ठावीस नावं होती. त्यातली नऊ परत आली.

टॉवरमध्ये माणसं कमी नसतात, उलट दुप्पट-तिप्पट असतात. फक्त ती तुमच्या दारावरून जात नाहीत. चाळीचा जिना दुकानाशेजारी उतरायचा, ऑफिसला निघालेला माणूस जाता जाता ब्लेड घ्यायचा. टॉवरचा माणूस लिफ्टने थेट पार्किंगमध्ये उतरतो. गेटवर वॉचमन, वॉचमनजवळ ॲपवाल्या पोरांच्या पिशव्या. रस्त्यावरची वर्दळही जागा बदलते. मेट्रो-३ ची गिरगाव आणि काळबादेवी स्थानकं ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली. पूर्वी चर्नी रोड किंवा मरीन लाइन्सहून चालत येणारा लोंढा ठरावीक गल्ल्यांतून जायचा. आता त्यातला काही भाग जमिनीतून वर येतो, तोही वेगळ्याच कोपऱ्यावर. नव्या गाळ्याचा नकाशा बघताना आजची वर्दळ कुठून जाते ते बघा, आजोबांच्या वेळची नव्हे.

परत गाळा घ्यायचा तर

मावशींनी हे केलं, आणि त्या तिघांत त्याच सर्वांत शहाण्या निघाल्या असं आता म्हणावं लागेल.

क्षेत्रफळावर भांडण्यात लोक सगळी ताकद घालवतात. ते तर नियमानेच जेवढं आहे तेवढं मिळतं, मोजमाप म्हाडाच्या नोंदीप्रमाणे होतं. पोटमाळा त्या नोंदीत नसेल तर तो हिशेबात धरून घेणं कठीण. गाळा १३ जून १९९६ नंतर दोघा भावांत फळी मारून वाटून घेतला असेल, तरी पुनर्विकासाच्या हिशेबात तो एकच. भाडेपावत्या, जुनी वीजबिलं, गुमास्त्याची (दुकान-परवान्याची) नूतनीकरणं यांची फाईल आत्ताच करा. २०१७ च्या कायद्याने मोजक्या कामगारांच्या लहान दुकानाला आता फक्त सूचना द्यावी लागते, म्हणून काही जणांनी जुनी लायसन्सं रद्दीत टाकली. टाकू नका.

खरं भांडायचं ते तोंडासाठी. दुकानाचं तोंड कुठे आणि किती रुंद? रस्त्याला लागून असलेले गाळे बिल्डरला विकायचे असतात, त्यावरच त्याची कमाई. जुन्या दुकानदारांना आतल्या बाजूला, पार्किंगच्या रॅम्पमागे, नाहीतर पहिल्या मजल्यावर ढकललेलं मी पाहिलं आहे. क्षेत्रफळ तंतोतंत तेवढंच, आणि समोर कंपाउंडची भिंत. काकांच्या जुन्या गाळ्याला चौदा फुटी तोंड होतं. नव्या आराखड्यात ते आठ फूट झालं आणि खोली वाढली. फूट तेच राहिले, दुकानाचा बोगदा झाला.

म्हणून पर्यायी जागेच्या करारात पुढच्या गोष्टी शब्दांत आणि आकड्यांत आल्या पाहिजेत: गाळा कोणत्या रस्त्याला लागून, शटरची रुंदी किती फूट, आतली उंची किती, रस्ता आणि दुकान यांच्यामध्ये भिंत किंवा गेट नाही, पायऱ्या किती. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण पावसाचं पाणी शिरू नये म्हणून नव्या इमारती उंच चौथऱ्यावर घेतात, आणि सत्तरीची आजी चार पायऱ्या चढून सुईदोरा घ्यायला येत नाही. करारासोबत नकाशा जोडून त्यावर तुमच्या गाळ्याला खूण करून दोघांच्या सह्या हव्यात. करार नोंदणीकृत हवा. बिल्डरचा माणूस गोड बोलून "ते आपण नंतर बघू" म्हणतो तेव्हा त्याला आत्ताच बघायला लावा. चाळ पडल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही.

पाणी, ड्रेनेज आणि थ्री-फेज मीटर यांचाही उल्लेख हवा, ज्यांना लागतं त्यांनी. गिरणीवाल्यांचा निर्णय तिथेच झाला. थ्री-फेज मिळालंही असतं, पण जात्याची थरथर आणि पिठाची धूळ टॉवरवाले खपवून घेणार नाहीत हे त्यांनी पहिल्या बैठकीतच ओळखलं.

मधल्या वर्षांचं काय? करारात ३६ महिने लिहिलेले असतात. तुम्ही पाच वर्षं धरून चाला. त्या काळात बिल्डर भाडं देतो. ते जागेचं भाडं असतं, बुडालेल्या धंद्याचं नसतं. शक्य असेल तर ते पैसे घरखर्चाला न लावता त्याच गल्लीत हातरुमालाएवढी का होईना, जागा घ्या. मावशींनी शेजारच्या इमारतीत जिन्याखाली एक मशीन टाकली आणि पाडलेल्या चाळीच्या पत्र्यांवर फोन नंबरचा बोर्ड लावला. गिऱ्हाईक हललं नाही. आज टॉवरमधल्या मुली ऑनलाइन मागवलेले ड्रेस घट्ट-सैल करायला त्यांच्याकडेच येतात. ज्या ॲपने काकांचा धंदा खाल्ला त्यानेच मावशींना काम आणून दिलं, ही गंमत काकांना अजून पचलेली नाही.

पैसे घेऊन मोकळं व्हायचं तर

भाड्याच्या गाळ्याचे पैसे घेणं बेकायदा आहे असं पुष्कळांना अजून वाटतं. पूर्वी तसं होतं. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने भाडेहक्क सोडताना किंवा दुसऱ्याला देताना पैसे घ्यायला भाडेकरूला परवानगी दिली, आणि संमतीसाठी पैसे घ्यायला मालकालाही. मालकाचा हिस्सा किती हे कायदा सांगत नाही. रिवाजाने साधारण तिसरा हिस्सा मागतात, घासाघीस होते.

किंमत मात्र कधी घेता यावर आहे. चाळ उभी असताना गाळा दिला तर इमारत रखडण्याची सगळी जोखीम घेणाऱ्यावर, म्हणून भाव पडेल. ताबा मिळाल्यावर तोच गाळा मालकीचा होतो, मालकाचा हिस्सा उरत नाही, भाव पूर्ण. पण तिथवर जायला बिल्डर टिकायला हवा आणि तुम्हालाही टिकायला हवं. वय साठच्या पुढे, मुलांना दुकानात रस नाही, आणि बिल्डरचं आधीचं एखादं काम रखडलेलं दिसत असेल, तर कमी भावात आज मिळणारे पैसे मला जास्त खरे वाटतात.

कराचं आधी विचारून घ्या. भाडेहक्क ही भांडवली मालमत्ता धरली जाते, त्यामुळे नफ्यावर कर बसतो. दीर्घ मुदतीसाठी सध्या १२.५ टक्के. अडचण अशी की आजोबांनी पगडी कच्च्या चिठ्ठीवर दिलेली असते. खरेदीची किंमत दाखवायला कागद नसला तर जवळपास सगळी रक्कमच नफा ठरते. रोख घेण्याचा आग्रह समोरून झाला तर उठून या.

आणि घरातलं भांडण. दुकानाचा भाडेहक्क मूळ भाडेकरूच्या मृत्यूनंतर आधी त्याच्याबरोबर तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, तसा कोणी नसेल तर वारसांकडे. तीस वर्षं दुकानात पाऊल न टाकलेले भाऊ-बहीण पैशांचा विषय निघाला की पुण्याहून, दुबईहून येतात. त्यांचा हक्क किती हे वकील सांगेल, पण सह्या पैसे येण्याआधी घ्या.

भाड्याने लावायचं तर

इथे आधी आणि नंतर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पगडीचा गाळा मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला दिला तर ते पोटभाडं, आणि बेकायदा पोटभाडं हे जागा खाली करून घ्यायला मालकाला मिळालेलं सरळ कारण. मुंबईत यावर "कंडक्टिंग"चा उपाय चालतो: दुकान तुमचंच, चालवणारा दुसरा. कागद नीट नसला तर कोर्ट त्याला पोटभाडंच म्हणू शकतं. पुनर्विकासाची चर्चा सुरू झाल्यावर असला करार करणं म्हणजे हातातला गाळा मालकाच्या ताटात वाढणं. दुसरी चूक शटर पाडून ठेवण्याची. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने जागा ठरलेल्या कामासाठी वापरली नाही तर तेही खाली करण्याचं कारण होतं. धंदा होत नसला तरी रोज दोन तास उघडा, वीज जाळा, बिल सांभाळा.

ताबा आल्यावर गाळा मालकीचा. मग लिव्ह अँड लायसन्स करा. त्याची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची, म्हणजे आता तुमची. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे जागा स्वतः न वापरता भाड्याने दिल्याचं शुल्क लावेल. तो सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही. बाकी फार सांगण्यासारखं नाही. ॲप कंपनीचं गोदाम १२० फुटांत मावत नाही, त्यामुळे मोठ्या भाड्याची स्वप्नं बघू नका. येतात ते मोबाईल कव्हरवाले, इस्टेट एजंट, केकवाले, दातांचे डॉक्टर. तळण-भाजणवाल्याला देताना धूर कुठून जाणार ते आधी सोसायटीला विचारा.

मी काय करीन

कंपनीचा पाकीटबंद माल विकणारं किराणा किंवा जनरल स्टोअर असेल तर ते त्याच रूपात परत उघडणार नाही. नव्या गाळ्यासाठी मात्र शेवटपर्यंत भांडेन, आणि ताबा मिळाल्यावर तो भाड्याने लावीन किंवा विकीन. हाताचं काम असेल, म्हणजे शिवण, इस्त्री, चावी, चष्मा दुरुस्ती, पोळी-भाजी, फुलपुडी, तर परत येईन आणि तोंडाच्या एकेक फुटासाठी वाद घालीन. आवाजाचा, धुळीचा किंवा धुराचा धंदा असेल तर पैसे घेईन.

डोंबिवली-बदलापूरला नवं दुकान टाकण्याचा विचार बरेच जण करतात, चाळीतली माणसं तिकडेच गेली म्हणून. गिरणीवाल्यांचं तिथे जमलं, कारण नव्या वसाहतीत भाजणी आणि थालीपीठाचं दळण ताजं हवं असणारी माणसं आहेत आणि आसपास दुसरी गिरणी नव्हती. किराण्याचं दुकान तिथे टाकायचं तर बाजारभावाचं भाडं पहिल्या दिवसापासून, आणि ओळख शून्य.

काकांनी ऐकलं नाही. परत आले, आठ फुटी तोंडाच्या बोगद्यात फळ्या लावल्या, दीड वर्ष बसले. मग एका केकवाल्याला गाळा दिला. दिवाळीच्या आधी दहा दिवस ते केकच्या दुकानाबाहेर टेबल टाकून उटणं, पणत्या आणि कंदील विकतात, आणि त्या दहा दिवसांत जुनी वही बरोबर आणतात. केकवाल्याची काही हरकत नसते. यंदा सोसायटीने घेतली आहे.